गल्ली सुधारायला घेताय? आधी सभा बोलावू नका

मुंबईतल्या आमच्या गल्लीतली पहिली ‘सुधारणा’ म्हणजे तीन बाक. सिमेंटचे, पाठीवर निधी देणाऱ्यांचं नाव ठसठशीत. बसवले त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. चौथ्या रात्री तळमजल्यावरचे काका खिडकीतून ओरडायला लागले. तीनपैकी एक बाक नेमका त्यांच्या खिडकीखाली आला होता. रात्री साडेबारापर्यंत पोरं तिथे बसून मोबाइलवर मॅच बघायची आणि सकाळी खाली पुड्या आणि पिचकाऱ्या. आठव्या दिवशी काकांनी बाकावर गाडीचं काळं ऑइल ओतलं.

काकांना सगळ्यांनी नावं ठेवली, मीसुद्धा. नंतर सभेचं इतिवृत्त काढून बघितलं. सोसायटीच्या हॉलमध्ये दोन सभा झाल्या होत्या, एकतीस जणांच्या सह्या, चहा-बिस्किटं, सगळं रीतसर. काका एकाही सभेला नव्हते. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या, ते घर सोडून येणार कसे? आणि बाकाची जागा ठरवताना त्यांच्या दारापर्यंत, म्हणजे वीस पावलं, आमच्यापैकी कोणी चाललं नव्हतं.

तो बाक शेवटी उचलून पुढे दवाखान्यासमोर नेला. आता तिथे पेशंट बसतात. पण हे शहाणपण यायला आठ महिने आणि एक भांडण लागलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

दोन आठवडे नुसतं बघा

अर्ज नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप नाही, काही नाही. एक वही, एक पेन, एक मोजपट्टी. गल्लीतली एक जागा धरा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वीस-वीस मिनिटं तिथे उभे राहा. पहाटे दूध आणि पेपरच्या वेळी, दुपारी शाळा सुटताना, संध्याकाळी सातला, रात्री साडेदहाला लोकलची गर्दी घरी परतताना. एक रविवार घ्याच, आणि जमलं तर एक धो धो पावसाचा दिवस. मुंबईचा रस्ता जानेवारीत पाहून जुलैबद्दल काही कळत नाही.

लिहायचं काय? माणसं कुठून रस्ता ओलांडतात (झेब्रा कुठे रंगवलाय ते नव्हे). फुटपाथ सोडून रस्त्यावर कुठे उतरतात आणि का. कोण बसतं, कशावर बसतं. आमच्याकडे एक आजी रोज सकाळी एकाच ठिकाणी फुटपाथवरून खाली उतरायच्या. आधी विजेच्या पेटीवर डावा हात, मग उजवा पाय खाली, मग काठी, मग दुसरा पाय. पेटीवर तेवढ्या जागेचा रंग उडाला होता. उंची मोजली तर अकरा इंच. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्यात फुटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, आणि चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर सांगितली आहे. हे दोन आकडे पाठ करा. इंजिनिअरसमोर ‘फुटपाथ फार वाईट आहे’ म्हटलं तर तो मान डोलावतो. ‘अकरा इंच आहे, सहा पाहिजे’ म्हटलं की तो वहीत लिहितो.

रुंदी मोजताना भिंत ते कड असं मोजू नका. झाड, खांब, विजेची पेटी (डीपी), दुकानाची पायरी, उभी केलेली बाईक हे सगळं वजा करून माणसाला चालायला उरतं किती, ते मोजा. आमच्याकडे कागदावर अडीच मीटरचा असलेला फुटपाथ एका ठिकाणी सत्तावन्न सेंटिमीटर भरला. बाईक येऊ नयेत म्हणून लावलेले खांब असतील तर त्यांच्यामधलं अंतरही मोजा. व्हीलचेअर अडेल इतके जवळजवळ लावलेले खांब मुंबईत भरपूर आहेत. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती.

मग सभेला न येणाऱ्यांकडे जा

सभेला कोण येतं? घरमालक, निवृत्त, आणि ज्यांना बोलायला आवडतं ते. रस्ता सगळ्यात जास्त वापरणारी माणसं, म्हणजे भाडेकरू, घरकामाच्या ताई, वॉचमन, रिक्षावाले, इस्त्रीवाला, शाळेच्या गेटबाहेर थांबलेल्या आया, सोसायटीच्या ग्रुपवर नसतातच. ती जिथे असतील तिथे आपण जायचं. घरकामाच्या ताई सकाळी साडेआठला घाईत येतात, तेव्हा कोणी बोलणार नाही. दुपारी दोनच्या सुमारास घरी निघताना बोलतात. रिक्षावाले दुपारी स्टँडवर निवांत असतात. शाळेबाहेरच्या आया पंधरा मिनिटं आधी येतात, तेवढ्यात चार प्रश्न होतात. सफाई कामगारांचा मुकादम सकाळी चौकीवर सापडतो आणि खरं सांगायचं तर कचऱ्याबद्दल त्याच्याइतकी माहिती विभाग कार्यालयातही कोणाला नसते.

विचारतानाही ‘तुम्हाला काय पाहिजे’ असं विचारू नका. उत्तर एकच येतं, ‘सगळं चांगलं पाहिजे’. ‘काल इथून जाताना कुठे थांबावं लागलं?’ असं विचारा. ‘पोराला एकटं कुठपर्यंत सोडता?’ ‘रात्री कुठला रस्ता टाळता?’

आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींचा किस्सा सांगते. गल्लीत पाणी तुंबतं म्हणून आम्ही दोन वर्षं नाक्यावरची मोठी जाळी साफ करा असे अर्ज देत होतो. जाळी साफ व्हायची, पाणी तरी तुंबायचं. मावशींना सहज विचारलं तर त्या हसल्याच. ‘ताई, पानी तिकडनं नाय भरत. पैलं हितनं वर येतं,’ म्हणत त्यांनी किराणा दुकानासमोरचं एक छोटं झाकण पायानं दाखवलं. ‘माझी पाटी तरंगायला लागली की मी दुकान उचलते, मग अर्ध्या तासानं तुमची गाडी बुडते.’ झाकणाखालून पाणी उलटं वर येत होतं. खालची वाहिनी पुढे कुठेतरी चोंदलेली, ते नंतर निघालं. एकतीस सह्यांच्या सभेत हे कोणालाच माहीत नव्हतं.

गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांना सुरुवातीलाच धरा. मंडळाकडे माणसं असतात, दोऱ्या असतात, बॅरिकेड असतात, आणि पोलिस स्टेशनात परवानगी कशी काढायची याचा वर्षानुवर्षांचा सराव असतो. मंडळाच्या अध्यक्षांना शेवटी कळवलंत तर काम अडलंच म्हणून समजा. सूचना लावाल ती मराठी, हिंदी आणि गल्लीत गुजराती घरं असतील तर गुजरातीतही.

जमिनीवर नकाशा, हातात टिकल्या

आता लोकांना एकत्र बोलवा, पण हॉलमध्ये नको. रविवारी सकाळी दहाला, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला. व्यासपीठ नको, माइक नको, सत्कार तर मुळीच नको. चार चार्टपेपर चिकटवून गल्लीचा मोठा नकाशा काढा आणि जमिनीवर पसरा. प्रमाणात नसला तरी चालेल, पण प्रत्येक झाड, दुकान आणि गेट त्यात हवं. लोक आधी आपलं घर शोधतात. घर सापडलं की बोलायला लागतात.

मग टिकल्यांची पाकिटं काढा. प्रत्येकाला तीन लाल, दोन हिरव्या. त्रासाच्या जागी लाल, आवडत्या जागी हिरवी. बोलायला लाजणारी माणसं टिकली न लाजता लावतात, आणि मोठ्या आवाजाच्या माणसाकडेही तीनच लाल टिकल्या असतात. मुलांचा नकाशा वेगळा ठेवा. आमच्या मुलांनी हिरव्या टिकल्या सगळ्या एकाच ठिकाणी लावल्या, बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर. मोठ्यांच्या नकाशात तिथे लाल होत्या, ‘अडगळ, काढून टाका’ म्हणून. चौथरा अजून आहे.

शेवटी मोठ्याने मोजा, फोटो काढा, आणि तिथल्या तिथे एकच काम निवडा. एकच. दुसरं काम पहिलं झाल्यावर.

रस्ता कोणाचा, हे शोधा

नवखी माणसं इथेच दमतात, कारण एकाच दहा फुटांत पाच मालक असतात. रस्ता आणि फुटपाथ बृहन्मुंबई महानगरपालिकेचा, पण त्यातही मोठ्या रस्त्यांचं काम रस्ते विभाग बघतो आणि गल्लीतली किरकोळ दुरुस्ती विभाग कार्यालयाचा परिरक्षण विभाग. पावसाचं पाणी पर्जन्य जलवाहिन्यांकडे, सांडपाणी मलनिस्सारणाकडे, झाड उद्यान विभागाकडे, कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे. रस्त्यावरचे दिवे शहर भागात बेस्टकडे, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आणि भांडुप-मुलुंड बाजूला महावितरणकडे. बसथांबा बेस्टचा. एकेरी वाहतूक, नो पार्किंग, सिग्नल यात वाहतूक पोलिसांचा शब्द लागतो. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होते, २०२२ च्या अखेरीस ते महापालिकेकडे आले. रस्ता म्हाडाच्या लेआउटमधला किंवा खाजगी असेल तर पालिका हात वर करते. ते आधीच विचारून घ्या.

तुमचा विभाग कोणता हे अक्षरावरून कळतं: दादर-माहीम जी उत्तर, घाटकोपर एन, मुलुंड टी. विभागाचा प्रमुख सहाय्यक आयुक्त. पण तुमचं रोजचं काम पडणार ते कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंत्याशी. त्यांचं नाव शोधा, आणि शक्यतो तक्रार घेऊन जाण्याआधी एकदा नुसतं ओळख करून घ्यायला जा. ‘साहेब साइटवर गेलेत’ हे वाक्य ऐकावं लागेल. साहेब बहुतेक वेळा खरंच साइटवर असतात. कार्यालय उघडताच गेलात तर भेटण्याची शक्यता जास्त.

आधी फक्कीने करून बघा

सिमेंट ओतल्यावर चूक दुरुस्त होत नाही, फक्की पुसता येते. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की घ्या, मंडळाचे बॅरिकेड आणि चार कुंड्या घ्या आणि एका रविवारसाठी बदल करून बघा. कोपऱ्यावर रस्ता अरुंद केला तर गाड्या खरंच हळू वळतात का? शाळेच्या गेटसमोर दहा फूट मोकळे ठेवले तर रिक्षा कुठे थांबतात? कचऱ्याची गाडी वळते का? अॅम्ब्युलन्स? हे करायला वाहतूक पोलिसांची आणि विभाग कार्यालयाची लेखी परवानगी लागते, तोंडी ‘करा हो’ पुरत नाही.

एक सकाळ रस्ता बंद ठेवण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझ पट्ट्यात ‘इक्वल स्ट्रीट्स’ नावाने रविवारी सकाळी रस्ते गाड्यांविना खुले झाले होते, आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनीच ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू करून मरीन ड्राइव्हसकट काही रस्ते तसे मोकळे ठेवले. अर्जात ही उदाहरणं जरूर लिहा. आधी कुठे झालंय म्हटलं की समोरच्याची भीती कमी होते.

त्या दिवसाच्या आधी दुकानदारांना भेटा. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं असं त्यांना वाटतं. आम्ही एका दुकानदाराला त्याच्याच दारात दोन तास बसवून चालत येणारी आणि गाडीने येणारी गिऱ्हाइकं मोजायला लावली. गाडीवाले एका हाताच्या बोटांवर संपले. तो आमच्या बाजूने झाला असं म्हणत नाही, पण विरोध सोडला.

अर्ज: एक पान, एक विषय, एक पोच

चौदा मागण्यांचं पत्र लिहू नका. ते चौदा टेबलांवर फिरतं आणि कुठल्याच टेबलाचं होत नाही. एका पत्रात एक काम. मराठीत लिहा. जागा सांगताना ‘शर्मा स्टोअर्सजवळ’ याऐवजी जवळच्या दिव्याच्या खांबावरचा नंबर द्या, तो बदलत नाही. तारखेसह दोन फोटो, तुमची मापं, नकाशावरच्या टिकल्यांची संख्या. सह्यांसोबत प्रत्येकाचा रस्त्याशी संबंध लिहा: रहिवासी, दुकानदार, पालक, भाजीविक्रेती. पत्र आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही पोच म्हणजे पुढच्या सहा महिन्यांची तुमची एकमेव इस्टेट. तातडीचं काही, म्हणजे उघडं चेंबर किंवा पडलेली फांदी, असेल तर पत्र नको, १९१६ ला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

वेळ साधणं पत्राच्या भाषेपेक्षा महत्त्वाचं. रस्त्यांची कामं साधारण ऑक्टोबर ते मे चालतात, पावसाळ्यात खोदकाम बंद. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. म्हणून मोठ्या कामाचं पत्र गणपतीच्या आसपास गेलेलं बरं. एप्रिलमध्ये दिलेलं पत्र वर्षभर फाइलीत झोपतं. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवं काहीच होत नाही, तेव्हा निवडणुकीचं वर्ष असेल तर आणखी आधी. आमदारांकडे स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, छोटी कामं त्यातूनही होतात. फक्त बाकाच्या पाठीवरचं नाव किती मोठं, यावर आधीच बोलून घ्या.

उत्तर आलंच नाही तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. अर्जाचं शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: कार्यादेशाची, म्हणजे कंत्राटदाराला काम दिल्याच्या हुकमाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं, दोषदायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

तुमचा रस्ता काँक्रीटचा होणार असेल तर घाई करा. २०२३ पासून पहिल्या टप्प्यात सुमारे ४०० आणि दुसऱ्यात सुमारे ३०० किलोमीटर रस्ते घेतले गेलेत. एकदा काँक्रीट पडलं की उतार, ड्रेनेजची जोडणी, केबलचे पाइप यांतलं काही बदलणं जवळजवळ अशक्य. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडायला त्या वेळीच उभं राहून सांगावं लागतं. मी छत्री घेऊन उभी राहिले होते. सात झाडं वाचली, आठव्याच्या वेळी मला ऑफिसला जावं लागलं.

फेरीवाल्यांबद्दल थोडं

लाल टिकल्या सगळ्यात जास्त इथेच पडतील. हटवा म्हणणं सोपं आहे. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना संरक्षण दिलंय, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. गल्लीपुरतं बोलायचं तर पिवळ्या रेघेने चालण्याची १.८ मीटर पट्टी आखा आणि तिच्या आत पाटी येणार नाही एवढंच ठरवा. रेघ विक्रेत्यांनाच आखायला द्या. आमच्या मावशी आता दुसऱ्याची पाटी सरकली की आमच्याआधी ओरडतात.

झाल्यावर कोण बघणार?

उद्घाटनाच्या आधी हे ठरलं नाही तर ते ठरत नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९० च्या दशकात रहिवाशांनी कचरा वेगळा करायला सुरुवात केली, आणि त्याच धर्तीवर पालिकेने पुढे एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, ही पद्धत शहरभर नेली. रहिवाशांचा गट विभाग कार्यालयात नोंदवता येतो. काही एएलएम आज जोरात आहेत, काही फक्त पाटीवर उरलेत. फरक बहुतेक एवढाच असतो की दर आठवड्याला कोणीतरी एक फेरी मारतं की नाही. वर्सोव्याचा किनारा ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोझ शाह आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी आठवड्यामागून आठवडे साफ केला, एका मोहिमेत नव्हे. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये नानालाल डी. मेहता उद्यान झालं, पण त्याआधी तिथे पुन्हा पार्किंग होऊ नये म्हणून रहिवाशांनी स्वतःच्या पैशांनी रखवालदार ठेवले होते. एकदा दादरहून सायनकडे जाताना खाली उतरून ते बघून या, सहाशे मीटरची बाग आहे, आणि चालायची वाट नर्मदेच्या वळणांसारखी आखलेली आहे.

आमच्याकडे एक वही आहे, किराणा दुकानात ठेवलेली. दर शनिवारी ज्याची पाळी असेल त्याने गल्लीत एक चक्कर मारून तीन ओळी लिहायच्या. गेल्या शनिवारची नोंद अशी: ‘दिवा नं. ४ बंद. दवाखान्यासमोरच्या बाकाचा एक पाय हलतो. छोटं झाकण उघडून बघितलं, आत प्लास्टिक. मावशी म्हणाल्या मे उजाडायच्या आत मुकादमाला सांगा.’ खाली काकांची सही आहे, त्याच तळमजल्यावरच्या.